स्विच कोणी मारला? चाकांवरचं घर, त्याची बटणं आणि सरकती खोली

भंडाऱ्याहून बोलतोय. ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून टाकलाय. बोलताना येणारे "म्हणजे", "ॲक्च्युअली" बरेचसे कापलेत. सगळे नाही कापले, नाहीतर मीच बोलतोय यावर तुमचा विश्वास बसायचा नाही.

आजचा विषय मोटरहोम. हो, भंडाऱ्यात बसून मोटरहोम. आपल्या जिल्ह्यात धानाची गाडी दिसते, तुमसरला मँगनीजचे ट्रक दिसतात, झाडीपट्टीच्या नाटकाचा ट्रक दिसतो. मोटरहोम मी इथल्या रस्त्यावर आजपर्यंत एकही पाहिलेली नाही. तरी हा विषय घेतोय, कारण त्यातली जी मुख्य गोष्ट आहे ती तुमच्या घरच्या इन्व्हर्टरला, शेतातल्या सोलरला आणि तुमच्या स्कूटरलाही लागू पडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. मोटरहोम म्हणजे बसच्या किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेलं घर. पलंग, ओटा, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, गॅस, सगळं आत. आपल्याकडे याचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप म्हणजे मुंबईच्या शूटिंगवरची व्हॅनिटी व्हॅन. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनंही आणलं, म्हणून आता भाड्यानं अशा गाड्या मिळू लागल्यात. आणि सरकती खोली, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्लाइड-आउट म्हणतात ती, काय असते? टेबलाचा खण आठवा. गाडी थांबली की बाजूच्या भिंतीचा एक अख्खा भाग, सोफा-पलंगासकट, खणासारखा बाहेर सरकतो आणि आत चालायला जागा होते. निघायच्या आधी खण परत आत. अमेरिकेत न्यूमार नावाच्या कंपनीनं १९९० मध्ये हे बाजारात आणलं आणि मग तिकडे त्याची सवयच लागली. आता तिथे मोठी मोटरहोम घेतली की दोन, तीन, चार खोल्यासुद्धा सरकतात.

माझा याच्याशी संबंध आला तो माझ्या आत्याच्या मुलामुळे. दादा टेक्सासमध्ये असतो. त्यानं तिकडे एक जुनी, दुसऱ्याच्या हातची मोटरहोम घेतली. हिवाळ्यातला एक रविवार, सकाळचे साडेसात, माझा चहा अजून गॅसवर, आणि त्याचा व्हिडिओ कॉल. तिकडे शनिवारची रात्र. तो, वहिनी आणि दोन पोरं एका तलावाकाठी कॅम्पिंगला गेलेली. सरकती खोली बाहेर आली ती आलीच, आत जायला तयार नाही. बटण दाबलं की आधी जरा कण्हते, मग नुसती टक असा आवाज. दुसऱ्या दिवशी अकराला जागा सोडायची होती. खोली बाहेर असताना गाडी हलवता येत नाही, हे तर उघडच आहे.

दादाचं निदान तयार होतं: "स्विच गेलाय. उद्या सकाळी दुकानातून एक बटण आणतो आणि बदलतो."

मी म्हटलं, थांब. तुझ्याकडे मल्टिमीटर आहे ना, आधी मोजू.

आता इथे जरा सावकाश जाऊ या, कारण भागाचा अर्धा जीव यातच आहे. दादानं बॅटरीवर मीटर लावला, १२.६ व्होल्ट. छान. स्विचच्या आतल्या तारेवर लावला, १२.६. मोटरपाशी लावला तर अर्थातच शून्य, कारण बटण दाबलेलंच नव्हतं. तो म्हणाला, बघ, सगळीकडे करंट आहे. नाही हो, नाही! व्होल्टेज आहे, करंट नाही. काहीच चालू नसताना तार गंजलेली असो, लग ढिला असो, स्विचचा संपर्क जळून काळा झालेला असो, मीटर तुम्हाला १२.६ च दाखवणार. नळ बंद असताना अर्ध्या तुंबलेल्या पाइपातही दाब पूर्णच दिसतो ना, तसं. नळ सोडल्यावर कळतं कुठे तुंबलंय ते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हेच होतं. एकट्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर सगळं पळतं, आणि हजार लोक एकदम आले की सर्व्हर गुडघे टेकतो.

म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना. वहिनींनी बटण दाबून धरलं आणि दादानं मीटरची दोन टोकं स्विचच्याच दोन बाजूंना लावली, एक येणाऱ्या तारेवर, दुसरं मोटरकडे जाणाऱ्या तारेवर. चांगल्या स्विचमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य हवा, फार तर पाव व्होल्टच्या आत. आला १.८. म्हणजे बारापैकी जवळजवळ दोन व्होल्ट एका बटणातच खर्च होत होते. खर्च होऊन जातात कुठे? उष्णतेत.

हिशेब करून बघा. समजा मोटर २० अँपिअर घेतेय आणि स्विचच्या आत खराब संपर्कामुळे फक्त ०.०५ ओहमचा अडथळा आहे. ०.०५ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. वीस गुणिले वीस, चारशे, गुणिले ०.०५, झाले २० वॉट. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली साधी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते. तेवढी आग हरभऱ्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत, प्लायवूडच्या भिंतीमागे. दादाला मी विचारलं, बटणाची कड तपकिरी झालीय का? झाली होती. पोरांनी चॉकलेट सांडलं असेल असं त्यांना वाटलेलं.

आगीची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. आपल्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हापासून माझी आई झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बघते. मोटरहोम म्हणजे तर लाकूड, फोम, पडदे, गॅसची टाकी आणि बाहेर पडायला बहुतेक वेळा एकच दार. तिथे तपकिरी झालेलं बटण दिसलं की "चालतंय तोवर चालू दे" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये.

त्या रात्री स्विच बदलायचा नाही असं आम्ही ठरवलं. अंधारात, दमलेल्या माणसानं, पोरं पायात असताना हे काम करू नये. जवळपास प्रत्येक सरकत्या खोलीला हातानं आत घ्यायची सोय असते. कुठे गाडीखाली मोटरच्या मागे षटकोनी टोक असतं, त्याला पाना लावून फिरवायचं. कुठे मोटरचा ब्रेक आधी सोडावा लागतो. हायड्रॉलिक असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह असतो. दादाला ते टोक शोधायला पाऊण तास लागला, कारण ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी एका बाजूनं पाना फिरवत, दुसऱ्या बाजूनं वहिनींनी बघत, खोली आत गेली. तुम्ही कधी अशी गाडी भाड्यानं घेतली तर चावी हातात घेण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा: "वीज गेली तर ही खोली आत कशी घ्यायची, दाखवा." टीव्ही किती इंचाचा आहे ते नंतर विचारा.

संध्याकाळी मी हे सगळं घेऊन आमच्या हायवेवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. राष्ट्रीय महामार्ग ५३, जुना सहा नंबर, नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली करत रायपूरकडे जातो. त्यावर रात्रंदिवस ट्रक. काकांनी आयुष्यभर ट्रकांचे सेल्फ, वायपर, दिवे दुरुस्त केलेत. मोटरहोम त्यांनी कधी पाहिली नाही. मी फोटो दाखवले, १.८ चा आकडा सांगितला. ते तंबाखू मळत म्हणाले, "बाबू, स्विच मेला नाई, त्याले मारलं. कोनं मारलं ते पाय अगोदर. नाईतर नवा बी मरते."

बीटेकच्या चार वर्षांत रूट कॉज हा शब्द मी शंभर वेळा ऐकला असेल. इतक्या कमी शब्दांत नव्हता ऐकला.

काकांचं म्हणणं असं. डीसी मोटरला जेवढा जोर लावावा लागतो तेवढा करंट ती ओढते. खोली हलकी सरकली तर करंट कमी. खोली घासत, अडत सरकली तर करंट जास्त. पूर्ण अडली तर नेहमीच्या कितीतरी पट. तो सगळा करंट स्विचमधून जात असेल तर स्विच मरणारच. म्हणजे ज्याला आपण विजेचा बिघाड म्हणतोय तो बहुतेक वेळा रबराचा, धुळीचा आणि उताराचा बिघाड असतो. बॅटरी उतरलेली असेल तर आणखी एक भानगड. मोटर मंद चालते, जास्त वेळ चालते, आणि मधला रिले नीट चिकटत नाही, टकटक करत राहतो. प्रत्येक टकला आत एक ठिणगी.

मग दादाला पुढच्या शनिवारी घरी, दिवसाउजेडी, आधी खोलीच तपासायला लावली. काय काय निघालं! त्या जागेवर गाडी एका बाजूला कललेली उभी होती, म्हणजे मोटर खोलीला चढावर ओढत होती. सरकपट्टीत वाळकी पानं आणि बारीक रेती. एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. आणि चारही बाजूंचं रबर उन्हानं कडक होऊन भिंतीला चिकटलेलं. त्या रबराला तिकडे सील म्हणतात. फ्रिजच्या दाराला असतं तसंच, फक्त माणसाच्या उंचीचं. त्याची कामं दोन: खोली बाहेर असताना आणि आत असताना पाऊस-धूळ अडवणं, आणि सरकताना भिंत पुसत जाणं. ते कडक झालं की ब्रेक लावून गाडी चालवल्यासारखं होतं.

देखभाल म्हणजे फार मोठं शास्त्र नाही, पण आपल्या सवयी आड येतात. आपली पहिली सवय ग्रीस. काहीही कुरकुरलं की ग्रीस मारा. सरकत्या खोलीच्या दातेरी पट्टीला जाड ग्रीस मारलं की त्यावर धूळ बसते आणि आठ दिवसांत त्याचा पॉलिशपेपर होतो. तिथे सुकं राहणारं वंगण लागतं, सिलिकॉनचं किंवा टेफ्लॉनचं, फवारा मारून जादाचं पुसून टाकायचं. रबराला तर ग्रीस, जळकं ऑइल, डिझेल काहीच नाही. पेट्रोलियमच्या तेलानं रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. साबणाच्या पाण्यानं पुसायचं, वाळू द्यायचं आणि रबरासाठीचं सिलिकॉनचं कंडिशनर लावायचं. हायड्रॉलिकवाली असेल तर तेलाची पातळी सगळ्या खोल्या आत असताना बघायची, बाहेर असताना ती कमीच दिसते आणि माणूस उगाच जास्त ओततो.

बाकी शिस्त. खोली बाहेर काढण्याआधी गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, बाहेर झाड-खांब-शेजारची गाडी नाही ना ते बघून. आत घेण्याआधी खोलीच्या छतावरची पानं, काड्या, साचलेलं पाणी झाडून, नाहीतर तो सगळा कचरा रबराखालून घरात. फरशीवरच्या चपला, पोरांच्या गाड्या उचलून. एक माणूस आत, एक बाहेर, आणि बटणावरचं बोट तेव्हाच उचलायला तयार. दोन टोकांना दोन मोटरी असलेल्या खोलीत एक टोक पुढे आणि एक मागे दिसलं की लगेच थांबायचं. जोर लावून ती सरळ होत नाही, तिरकी होऊन अडकते.

आणि एक माझी आवडती सूचना, जी कुठल्याही तंत्रज्ञानं दादाला सांगितली नव्हती. खोली साफ, गाडी सपाट, बॅटरी भरलेली असताना खोली पूर्ण बाहेर यायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि नोट्समध्ये लिहून ठेवा. महिन्यातून एकदा परत मोजा. सेकंद वाढू लागले म्हणजे स्विच मरायच्या वाटेवर आहे, अजून जळायचा आहे एवढंच. दादाच्या खोलीला साफसफाईआधी, नव्या स्विचवरसुद्धा, ५२ सेकंद लागत होते. नंतर ३१.

आता खुद्द स्विचकडे. दादा दुकानातून जे बटण आणणार होता ते घरातल्या दिव्याचं होतं. ते का चालत नाही?

आपल्या घरातली वीज एसी. ती सेकंदाला ५० वेळा पूर्ण आवर्तन करते, म्हणजे १०० वेळा शून्यावर येते. बटण बंद करताना दोन पत्र्यांमध्ये ठिणगी ताणली जाते, पण लगेच पुढच्या शून्यावर तिचा श्वास तुटतो. डीसीमध्ये शून्य येतच नाही. ठिणगी ताणली की ताणलेलीच, पत्रे खूप लांब गेल्याशिवाय तुटत नाही. त्यात मोटर जोडलेली असली की ती बंद होताना उलटा झटका देते आणि ठिणगीला आणखी बळ मिळतं. बारा व्होल्टवर हे दर वेळी थोडं थोडं झिजवतं. सोलरच्या पॅनेलची माळ असेल, शंभर-दोनशे व्होल्ट डीसी, तर घरचं एमसीबी तिथे बंद केल्यावरही आत ठिणगी जळत राहू शकते. शेतात सोलर पंप बसवलेल्या श्रोत्यांनी हे वाक्य परत ऐका. त्या डबीत डीसीचंच एमसीबी असायला हवं.

म्हणून बटण विकत घेताना त्याच्या पाठीवर बघायचं. नागमोडी रेघ म्हणजे एसी. आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडीपुढे १६ अँपिअर लिहिलंय म्हणून डीसीलाही १६ असं नसतं, डीसीचा आकडा वेगळा छापलेला हवा. छापलेलाच नसेल तर ते बटण तुमचं नाही.

दुसरं, ते दाबून धरायचं बटण हवं. बोट काढलं की आपोआप मध्ये येऊन बंद होणारं. दाबलं की तसंच राहणारं बटण सरकत्या खोलीला लावणं हा मला गुन्हाच वाटतो. मधे पोराचा हात आला आणि तुम्ही घाबरून बटण सोडलं, तरी खोली चालतच राहील.

तिसरं, पिना सहा असतात. मोटर उलटी फिरवायला धन आणि ऋण यांची अदलाबदल करावी लागते, म्हणून कोपऱ्यातल्या पिना एकमेकींना तिरक्या जोडलेल्या असतात. काहीही उपटण्याआधी फोटो काढा, दोन बाजूंनी, आणि प्रत्येक तारेला मास्किंग टेप लावून नंबर टाका. त्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

आणि रंगावर विश्वास ठेवायचा नाही! इथे मला खरंच भीती वाटते. आपल्या वायरमनला विचारा, काळी तार म्हणजे न्यूट्रल. दादाच्या घरात, अमेरिकेत, काळी तार म्हणजे जिवंत, आणि न्यूट्रल पांढरी. ट्रकवाल्या काकांना विचारा, काळी म्हणजे बॅटरीचं ऋण टोक. आणि तिकडच्या कित्येक मोटरहोममध्ये बारा व्होल्टचं धन टोकही काळं असतं. एकाच भिंतीमागे दोन काळ्या तारा, दोघींचे स्वभाव निराळे. शिवाय आपल्याकडे बटण खाली केलं की चालू, त्यांच्याकडे वर केलं की चालू. बटणाच्या दांडीवरून "बंद आहे" असं कुणी ठरवू नये, मीटरनंच ठरवावं.

हे चाकांवरच्या घराचं खरं वैशिष्ट्य. घरचा वायरमन २३० व्होल्ट जाणतो, हायवेवरचे काका १२ आणि २४ जाणतात. या गाडीत दोन्ही एकत्र नांदतात. त्यामुळे काम सुरू करण्याआधी बाहेरून येणारी केबल काढली एवढ्यानं भागत नाही. जनरेटर बंद. इन्व्हर्टर बंद, कारण केबल काढली तरी तो बॅटरीतून पूर्ण २३० व्होल्ट बनवून देत असतो. छतावर सोलर असेल तर आधी पॅनेल तोडायचं आणि मग बॅटरीचं ऋण टोक काढायचं, उलट क्रम केला तर चार्ज कंट्रोलर जळू शकतो. मग मीटरनं तपासायचं, आणि मगच हात घालायचा. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी नसेल, किंवा त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर ते पडत नसेल, तर स्वतः काही करायला जाऊ नका, परवानाधारक वायरमन बोलवा.

तार जोडताना पिळून टेप नको. गाडी हलते, रोज हलते. पिळलेला जोड ढिला होणारच. नीट मापाचा लग, दाबायच्या पक्कडीनं दाबलेला, आणि ओढून बघितलेला. आपल्याकडे लोक वर सोल्डरही मारतात. मला ते गाडीत आवडत नाही, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि थरथरीनं बरोबर तिथेच तुटते. तारेची जाडीही आली. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, जायची-यायची मिळून १० मीटर, २० अँपिअर. सव्वा व्होल्टपेक्षा जास्त तारेतच जातो. घरच्या २३० मध्ये तेवढा गेला तर पंख्याला कळणारही नाही. बारामध्ये तो दहावा हिस्सा आहे. आणि फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज घालायचा नाही. फ्यूज मोटरसाठी नसतो, तारेसाठी असतो. वीसचा पिवळा काढून तीसचा हिरवा घातला की वितळायचं काम तुम्ही फ्यूजकडून काढून तारेला दिलं.

काकांनी शेवटी दादासाठी खरा उपाय सांगितला तो रिलेचा. तुमच्या ॲक्टिव्हाचं सेल्फचं बटण बघा, किती नाजूक. स्टार्टरला लागणारा करंट त्यातून गेला असता तर पहिल्याच दिवशी वितळलं असतं. ते बटण फक्त रिलेला हुकूम देतं, ओझं रिले उचलतो, बॅटरीजवळ, जाड तारेनं. दादाच्या जुन्या गाडीत सगळं ओझं बटणावरच होतं. आता दोन रिले बसवलेत, स्विचमधून अर्धा अँपिअरही जात नाही. तरी हँडब्रेकचा जो इंटरलॉक आहे तो तसाच ठेवायला लावला. म्हणजे हँडब्रेक ओढलेला नसेल तर खोली हलणारच नाही. "तो मधेच त्रास देतो, बायपास करून टाक" असं सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याला चहा पाजा, पाना देऊ नका.

साकोलीच्या एका मित्राला मी हे सगळं सांगितलं, तर तो उलटाच पेटला. त्याला फोर्स ट्रॅव्हलरचं छोटं घर करून नागझिऱ्याला येणाऱ्या पर्यटकांना भाड्यानं द्यायचंय, आणि आता त्यात सरकती खोलीही हवी. मी स्पष्ट सांगितलं, खोली करू नकोस. एक तर गाडीच्या रचनेत स्वतःच्या मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, त्यात बसणारी गाडी मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडूनच घ्यावी. रस्त्यावर गाडीची रुंदी २.६ मीटरच्या वर जाता येत नाही, म्हणजे बंद असताना खोलीनं एक इंचही बाहेर डोकावायचं नाही. आणि दुसरं म्हणजे आपलं हवामान. मे महिन्यात पंचेचाळीस अंश, रबर पापडासारखं. जूनपासून पाऊस, आणि भिंतीला कापलेल्या भल्यामोठ्या भोकाला फक्त त्या रबराचाच आधार. दिवाळीच्या आसपास मळणी, हवेत धानाचं तूस, राईस मिलजवळून गेलात तर विचारूच नका. वर उंदीर. धानाच्या गावात उभ्या केलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात हे कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला विचारा. आणि सरकत्या खोलीच्या तारा तर मोकळ्या लोंबत, खोलीबरोबर पुढे-मागे वाकत असतात.

तो म्हणाला, मग जागा कशी वाढवू? मी म्हटलं, बाहेरून छत ताण, खाली दोन खुर्च्या टाक. नागझिऱ्याला आलेला माणूस गाडीत बसायला येतो का?

त्याला पटलंय की नाही माहीत नाही, पण परवा त्यानं मला एका डीसी बटणाच्या पाठीचा फोटो पाठवला. आडवी रेघ, खाली तुटक रेघ, १२ व्होल्ट, २० अँपिअर. खाली लिहिलं होतं, "हे चालते का बे?"

चालते.

पुढच्या भागात घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी: पाणी कधी घालायचं, कोणतं घालायचं आणि ती जिन्याखाली का ठेवू नये. भेटू.